फाइल-सर्व्हर आणि सुरक्षेच्या आज्ञा

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर पोहोचविण्याचे काम आज इतक्या निरनिराळ्या मार्गांनी होते की, त्यांतील एक अतिशय जुना मार्ग अजून वापरात आहे हे पुष्कळांना ठाऊकही नसते. हा मार्ग म्हणजे फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, संक्षेपाने एफटीपी. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी परस्परांशी बोलताना पाळावयाचे संकेत. एफटीपीचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले होते, आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आर्पानेट या जाळ्यासाठी त्यांनी तो तयार केला. जाळ्याच्या संकेतांविषयीचे लेख आरएफसी नावाच्या मालिकेत क्रमांक देऊन प्रसृत केले जातात. भूषण यांच्या लेखाचा क्रमांक ११४ आहे. एफटीपीचे आजचे स्वरूप मात्र जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये लिहिलेल्या ९५९ क्रमांकाच्या लेखात स्थिर झाले.

त्या काळी जाळे लहान होते. विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि काही सरकारी कार्यालये एवढाच त्याचा परिवार. तारेवर मध्येच कोणी कान लावून बसेल, ही शंका कोणाला आली नव्हती असे नाही. परंतु तिच्यासाठी संकेतांत जागा ठेवावी, इतकी ती निकडीची वाटली नव्हती. पुढील सर्व कथा या एका गोष्टीतून निघालेली आहे, म्हणून मूळचे संभाषण कसे चालते ते प्रथम पाहू.

फाइल मागणाऱ्या संगणकाला क्लायंट म्हणतात आणि देणाऱ्याला सर्व्हर. क्लायंट सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेमून दिलेल्या दारावर, जाऊन उभा राहतो. सर्व्हर ‘२२०’ असे उत्तर देतो. त्याचा अर्थ, सेवा सिद्ध आहे. क्लायंट ‘यूझर’ ही आज्ञा उच्चारून आपले नाव सांगतो. सर्व्हर म्हणतो ‘३३१’: नाव ऐकले, आता परवलीचा शब्द सांगा. क्लायंट ‘पास’ या आज्ञेमागोमाग तो शब्द पाठवितो, आणि सर्व काही जुळले तर ‘२३०’ या उत्तराने आत प्रवेश मिळतो. प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंक असतात. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर अर्धे झाले, ४ असेल तर सध्या होणार नाही, ५ असेल तर नकार. अंक यंत्रासाठी असतात. त्यांच्यापुढील शब्द माणसाच्या समजुतीसाठी.

या संभाषणाची आणखी एक विशेषता आहे. आज्ञा आणि उत्तरे एका वाहिनीवरून जातात, तर प्रत्यक्ष फाइल दुसऱ्याच वाहिनीवरून. पहिलीला नियंत्रण-वाहिनी आणि दुसरीला माहिती-वाहिनी म्हणू. नियंत्रण-वाहिनी आरंभापासून अखेरपर्यंत एकच असते. माहिती-वाहिनी साधारणतः प्रत्येक फाइलसाठी नव्याने उघडते आणि फाइल संपली की मिटते. एकाच दुकानाला गल्ला एका रस्त्यावर आणि गोदामाचे दार दुसऱ्या रस्त्यावर असावे, तशी ही रचना आहे. पहारा ठेवावयाचा तर तो दोन्हीकडे ठेवावा लागतो.

आता ‘पास’ या आज्ञेकडे पुन्हा पाहावे. परवलीचा शब्द हा आपल्या भाषेत किल्ल्याच्या दरवाजावरून आलेला शब्द आहे. पहारेकऱ्याच्या कानात तो हळूच सांगावयाचा असतो. एफटीपीमध्ये तो उघड्या अक्षरांत, जसाच्या तसा, तारेवरून जातो. मध्ये बसलेल्या कोणत्याही यंत्राला तो वाचता येतो. याचे परिणाम काय होतात हे फेब्रुवारी १९९४ मध्ये जगापुढे आले. इंटरनेटवरील संकटांची दखल घेणाऱ्या अमेरिकेतील सर्ट या केंद्राने त्या वेळी इशारा दिला की, घुसखोरांनी जाळ्यावर टेहळणीचे कार्यक्रम बसवून हजारोच नव्हे, तर दहा-दहा हजारांच्या पटीत मोजावे लागतील इतक्या संगणकांच्या प्रवेशाची माहिती आधीच हस्तगत केली आहे. कुलपे फोडण्याचे श्रमही त्यांना पडले नव्हते. किल्ल्या रस्त्यावरून उघड्याच चालल्या होत्या.

यावर उपाय दोन प्रकारचे संभवत होते. जुना प्रोटोकॉल टाकून नवा घडवावा, किंवा जुन्यालाच काही नव्या आज्ञा जोडाव्यात. पहिल्या मार्गाने जाणारेही होते. एसएसएच या सुरक्षित वाहिनीवरून फाइल नेणारा एसएफटीपी हा त्याचाच परिपाक होय. नावातील साम्यामुळे त्याला एफटीपीची आवृत्ती समजण्याची चूक वारंवार होते, पण दोघांच्या आज्ञांत नाते नाही. दुसरा मार्ग ऑक्टोबर १९९७ मध्ये होरोविट्झ आणि लंट यांच्या २२२८ क्रमांकाच्या लेखाने स्वीकारला. जगभर पसरलेले असंख्य जुने सर्व्हर एका दिवसात बदलणे अशक्य होते. म्हणून नव्याने आज्ञा समजणारा सर्व्हर आणि न समजणारा सर्व्हर, दोघांशीही क्लायंटला बोलता यावे अशी ही योजना होती. ती शहाणपणाची होती यात शंका नाही. मात्र तिची एक किंमत होती. कुलूप लावण्याविषयीची बोलणी आता उघड्या रस्त्यावरच करावी लागणार होती.

या बोलण्यातील पहिली आज्ञा ‘ऑथ’. हिच्यापुढे क्लायंट सुरक्षेची कोणती पद्धती हवी तिचे नाव सांगतो. आज हे नाव बहुतेक वेळा टीएलएस असते. हा स्वतंत्र प्रोटोकॉल जानेवारी १९९९ मध्ये प्रमाणभूत झाला; संकेतस्थळांवरील व्यवहार गुप्त राखण्यासाठी जी पद्धती वापरतात तीच ही. एफटीपीने ती कशी वापरावी याचे तपशील ऑक्टोबर २००५ मध्ये ४२१७ क्रमांकाच्या लेखात आले. ‘ऑथ टीएलएस’ ही ओळ येताच सर्व्हरपुढे चार वाटा असतात. पद्धतीचे नावच कळले नाही तर ‘५०४’, कळले पण धोरणात बसत नाही तर ‘५३४’, लागणारे साधन या क्षणी हाताशी नसेल तर ‘४३१’, आणि मान्य असेल तर ‘२३४’. या शेवटच्या उत्तरानंतर दोन्ही बाजू बोलणे थांबवितात, टीएलएसची देवघेव होते, सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो, आणि तेथून पुढे नियंत्रण-वाहिनीवरील प्रत्येक अक्षर कूटलिपीत जाते.

सर्व्हर लिहिणाऱ्याचे अर्धे कसब या क्षणी काय विसरावयाचे यात आहे. २२२८ क्रमांकाच्या लेखाचे सांगणे असे की, ‘ऑथ’ मान्य झाली म्हणजे आधीच्या सुरक्षा-आज्ञांनी जी काही स्थिती निर्माण केली असेल ती पुसली गेली पाहिजे. एवढेच नव्हे, तर वापरकर्त्याने आधी प्रवेश मिळविला असेल तर तोही रद्द समजून त्याच्याकडे नाव आणि परवलीचा शब्द पुन्हा मागितले पाहिजेत. कारण उघड आहे. कुलपाआधी जे बोलणे झाले, ते खऱ्या माणसाचेच होते याला पुरावा काय?

परंतु विसरावयाची एक गोष्ट अशीही आहे, जी पुष्कळांच्या ध्यानात आली नाही. तारेवरून येणारी अक्षरे सर्व्हर एकेक करून वाचीत नाही. जेवढी आली असतील तेवढी एकदम उचलून तो ती बफर नावाच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवतो आणि त्यातून ओळी तोडून घेतो. आता असे समजा की, ‘ऑथ टीएलएस’ ही ओळ उघडी जात असताना मध्यस्थाने तिच्या शेपटीला आपलीही एक ओळ जोडून दिली. सर्व्हर दोन्ही एकदम उचलतो, पहिली वाचतो, ‘२३४’ म्हणतो आणि टीएलएस सुरू करतो. देवघेव निर्वेध पार पडते. मग तो पुढील आज्ञेसाठी साठ्याकडे वळतो, तो तेथे एक ओळ तयारच आहे! ती उघड्यावरून आलेली होती हे त्याला आता आठवत नाही. सुरक्षित वाहिनीवरून आलेली म्हणून तो ती पाळतो. हा दोष २०११ साली विट्झ व्हेनेमा यांनी स्वतः लिहिलेल्या पोस्टफिक्स या टपाल-सर्व्हरात शोधून काढला, आणि त्याच वर्षी तसाच दोष प्युअर-एफटीपीडी या फाइल-सर्व्हरातही असल्याचे नोंदले गेले. उपाय अगदी लहान आहे: ‘२३४’ म्हटल्यावर आणि टीएलएस सुरू करण्यापूर्वी साठा रिकामा करावयाचा, किंवा त्यात काही उरलेले दिसले तर संबंधच तोडावयाचा. कूटलिपीच्या गणितात काडीचीही उणीव नव्हती. उणीव होती ती उंबरठ्यावर.

यानंतर दोन आज्ञा जोडीने येतात. पहिली ‘पीबीएसझेड’. कूटलिपीतील मजकुराचा एकेक ठोकळा किती मोठा असावा हे ती ठरविते. काही पद्धतींना याची गरज असते. टीएलएस आपले ठोकळे स्वतःच पाडतो, म्हणून तेथे ही संख्या शून्यच द्यावी लागते. मग ती पाठवायचीच कशाला, असा प्रश्न वाचकाला पडेल. खरे पाहता ती आता केवळ विधी म्हणून उरली आहे. पण विधी चुकवून चालत नाही, कारण दुसरी आज्ञा ‘प्रॉट’ हिच्यापूर्वी ‘पीबीएसझेड’ झालेली असलीच पाहिजे असा नियम आहे. क्रम चुकला तर सर्व्हर ‘५०३’ म्हणून परत पाठवितो.

‘प्रॉट’ माहिती-वाहिनीचे रक्षण किती करावयाचे ते सांगते. मूळ लेखात चार पायऱ्या आहेत: उघडे, मजकुरात कोणी ढवळाढवळ केली तर कळावे इतपत सुरक्षित, गुप्त, पण ढवळाढवळीपासून असुरक्षित, आणि दोन्ही दृष्टींनी राखलेले. टीएलएस पहिली आणि शेवटची एवढ्याच जाणतो. मधल्या दोन मागितल्यास ‘५३६’ असे उत्तर येते. इथवर सर्व ठीक आहे. मेख पुढे आहे. क्लायंटने ‘प्रॉट’ पाठविलीच नाही तर काय समजावयाचे? लेखाचे उत्तर आहे: उघडे.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. एखाद्या कार्यालयाने एफटीपीला टीएलएसची जोड दिली, कर्मचाऱ्यांना तसे कळविले, सर्वांची नावे व परवलीचे शब्द कूटलिपीत जाऊ लागले. पण क्लायंटने ‘प्रॉट’चा उच्चार केला नाही, आणि सर्व्हरनेही आग्रह धरला नाही. मग पगारपत्रके, रुग्णांचे अहवाल, परीक्षेच्या गुणांच्या याद्या, जे काही त्या मार्गाने पाठविले जात असेल ते सर्व, कुलूपबंद दाराशेजारच्या उघड्या खिडकीतून जात राहील. फाइल वेळेवर पोहोचते, चूक झाल्याची सूचना कोठेही उमटत नाही. माझ्या मते या सर्व आज्ञांत माणसांचे सर्वांत अधिक नुकसान करू शकणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कोणाच्या हल्ल्यामुळे घडत नाही. नियमाचे अक्षरशः पालन केल्याने घडते. म्हणून आजच्या सर्व्हरांत संचालकाला असे धोरण ठरविता येते की, माहिती-वाहिनी राखलेली नसेल तर फाइल द्यावयाचीही नाही आणि घ्यावयाचीही नाही. ते धोरण चालू केलेले आहे काय, हे मात्र पाहावे लागते.

‘मिक’, ‘कॉन्फ’, ‘एन्क’ आणि ‘एडॅट’ या आज्ञा कर्बेरॉस यासारख्या अन्य पद्धतींसाठी आहेत. टीएलएसच्या वाटेने जाणाऱ्याला त्यांची गाठ पडत नाही, तेव्हा त्या सोडून देऊ.

‘सीसीसी’ ही मात्र सोडून देण्यासारखी नाही. हिने नियंत्रण-वाहिनीवरील कूटलिपी मध्येच उतरवून ती पुन्हा उघडी केली जाते. कष्टाने चढविलेले चिलखत रणांगणातच उतरवावे, हा कसला प्रकार? त्याचे उत्तर दोन वाहिन्यांच्या रचनेत आहे. माहिती-वाहिनी कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर उघडावयाची हे नियंत्रण-वाहिनीवर बोलून ठरते. कार्यालयाच्या सीमेवर बसलेली फायरवॉल नावाची पहारा-यंत्रे हे बोलणे ऐकतात आणि तेवढेच पोर्ट तेवढ्यापुरते मोकळे करतात. बोलणे कूटलिपीत गेले की पहारेकरी बहिरा होतो आणि फाइल दारातच अडकते. म्हणून परवलीचा शब्द गुप्तपणे सांगून झाल्यावर ‘सीसीसी’ म्हणावयाचे आणि उरलेले बोलणे पहारेकऱ्याला ऐकू द्यावयाचे, अशी ही तडजोड होती. परंतु जे पहारेकऱ्याला ऐकू येते ते चोरालाही ऐकू येते. आणि प्रवेश मिळालेल्या माणसाच्या नावावर फाइल पुसण्याची आज्ञा मध्येच घुसडणे मग अवघड राहत नाही. माहिती-वाहिनीसाठी ठराविक पोर्टांचा एक पट्टा राखून तेवढाच मोकळा ठेवणे हा त्याहून बरा उपाय होय. सर्व्हरला ‘सीसीसी’ नाकारण्याची मुभा नियमानेच दिलेली आहे, आणि ‘५३४’ या उत्तराने ती वापरलेली बरी.

माहिती-वाहिनीच्या दारावर तर जुन्या काळापासून भानगडी होत आल्या आहेत. मूळ नियमाप्रमाणे ‘पोर्ट’ या आज्ञेने क्लायंट सर्व्हरला सांगू शकतो की, अमुक पत्त्यावर फाइल पाठवा. तो पत्ता क्लायंटचा स्वतःचाच असला पाहिजे असे बंधन नव्हते. त्यामुळे सर्व्हरला पुढे करून तिसऱ्याच संगणकाची दारे ठोठावता येत. मे १९९९ मध्ये निघालेल्या २५७७ क्रमांकाच्या लेखाने हा धोका वर्णिला आणि १०२४ पेक्षा लहान क्रमांकाच्या पोर्टांकडे वाहिनी उघडण्यास सर्व्हरने नकार द्यावा, असे सुचविले. उलट प्रकारही आहे. सर्व्हर स्वतः एक पोर्ट उघडून क्लायंटची वाट पाहत असता भलताच कोणी आधी येऊन उभा राहतो आणि फाइल घेऊन जातो. येथे टीएलएस एका निराळ्याच रीतीने उपयोगी पडतो. माहिती-वाहिनीवर येणाऱ्याने नियंत्रण-वाहिनीवर आधी झालेल्या देवघेवीचाच धागा पुढे चालवून दाखवावा, अशी अट सर्व्हर घालू शकतो. क्रिस एव्हान्स यांच्या व्हीएसएफटीपीडी या सर्व्हरात अशी अट आहे. तो धागा परक्याजवळ असणे शक्य नसते. सर्वच क्लायंटांना ही अट पाळता येत नाही, म्हणून त्रासलेले संचालक ती काढून टाकतात. ते करताना आपण काय काढीत आहोत याची जाणीव असावी.

आणखी एक बारकावा. सामान्य पद्धतीने फाइल पाठविली जात असता ती संपली हे सांगण्यासाठी निराळी खूण नसते. वाहिनी मिटली म्हणजे फाइल संपली. मग मध्यस्थाने ती मुद्दाम लवकर मिटविली तर? अर्धी यादी पूर्ण यादी म्हणून जमा होईल. टीएलएसमध्ये निरोप घेण्याचा स्वतःचा संकेत आहे आणि तो खोटा पाडता येत नाही. सर्व्हरने तो पाठवावा आणि घेणाऱ्या बाजूने तो आल्यावाचून फाइल पूर्ण झाली असे मानू नये, हे बरोबर. परंतु कित्येक कार्यक्रम येथे कानाडोळा करतात.

राहता राहिला प्रश्न आग्रहाचा. ‘ऑथ’ ही आज्ञा उघड्यावरून जात असल्यामुळे मध्यस्थ ती वाटेतच अडवू शकतो आणि सर्व्हरच्या नावाने ‘ही आज्ञा मला कळत नाही’ असे उत्तर देऊ शकतो. समजूतदार क्लायंट मग जुन्या रीतीने ‘यूझर’ आणि ‘पास’ पाठवू लागतो. खरा सर्व्हर यावर एवढेच करू शकतो की, टीएलएसवाचून आलेल्या ‘यूझर’लाच ‘५३०’ म्हणून अडवावयाचे. नाव आणि शब्द दोन पायऱ्यांत मागितले जातात याचा येथे फायदा होतो. पहिल्याच पायरीवर नकार मिळाला तर शब्द ओठांतच राहतो. तथापि मध्यस्थ हा नकारही पोहोचू न देता स्वतः ‘३३१’ म्हणू शकतो. तेथे सर्व्हरचा इलाज चालत नाही. टीएलएस मिळाला नाही तर एक अक्षरही पुढे बोलावयाचे नाही, आणि मिळाला तरी प्रमाणपत्रावरील नाव पडताळल्याशिवाय परवलीचा शब्द सांगावयाचा नाही, हा निर्धार क्लायंटनेच करावा लागतो. प्रमाणपत्र ओळखीचे नाही अशी सूचना पडद्यावर आली असता ती न वाचता पुढे जाणारा माणूस ही सगळी व्यवस्था एका बोटाने निकालात काढतो.

लिनक्सचा गाभा वाटणाऱ्या संस्थेने आणि डेबियन या प्रकल्पाने २०१७ साली आपल्या सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केल्या. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम या ब्राउझरांनी एफटीपीची साथ सोडली. तरीही संकेतस्थळांवर मजकूर चढविणे किंवा दोन कार्यालयांतील जुन्या यंत्रणांनी रात्री एकमेकींकडे फाइली पाठविणे अशी कामे त्याच्यावर चालूच आहेत, आणि ती टीएलएसच्या जोडीने चालतात की नाही हे जाणण्यास फार विद्या लागत नाही. बहुतेक क्लायंट आपले संभाषण ओळीने नोंदवून ठेवतात. त्या नोंदीत ‘ऑथ टीएलएस’ आणि तिचे ‘२३४’ हे उत्तर ‘यूझर’च्या आधी आले आहे काय, ते प्रथम पाहावे. मग ‘पीबीएसझेड’ शून्य, त्यावर ‘२००’. ‘प्रॉट’ आणि तिच्यापुढे ‘पी’ हे अक्षर, त्यावरही ‘२००’. आणि त्यानंतरच फाइल निघाल्याचे ‘१५०’. ‘प्रॉट’ची ओळ नोंदीत सापडली नाही, किंवा तिच्यापुढे ‘सी’ हे अक्षर दिसले, तर त्या रात्रीच्या फाइली उघड्या गेल्या आहेत.